ऐकू न येणारी शिट्टी

गुरुवार, १२ जानेवारी

हेनारेकाकांनी आज मला तीनदा 'अर्धा इंजिनियर' म्हटलं. एकदा गाडीत, एकदा हॅरोप बाईंच्या अंगणात आणि एकदा आनेकेसमोर. पहिले दोन मी गिळले. तिसऱ्याला हातातला पेचकस आपटला, तो नेमका शेणात पडला. आनेके हसली. म्हणजे दिवस अगदीच वाया गेला नाही.

क्राइस्टचर्चचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं त्याला दहा महिने झाले. प्रयोगशाळेतला तो माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, तुझं उत्तर बरोबर आहे, पण ते तुझं वाटत नाही. मी त्याची वही भिरकावली. माफी माग म्हणाले. नाही मागितली. अजूनही नाही मागणार. तेव्हापासून इथे ओपुनाकेत वीजकाम करणाऱ्या काकांच्या हाताखाली तारा ओढतोय.

आज काम होतं हॅरोप बाईंच्या दूध काढायच्या शेडवर. जमीन आणि शेड बाईंची, गायी आणि राबणं कॉर व्हेल्टमनचं, दूध निम्मं-निम्मं. आनेके ही कॉरची मुलगी. त्यांचा करार येत्या एक जूनला संपतो. पुढे ठेवायचं की नाही, ते बाई फेब्रुवारीअखेर सांगणार. नाही म्हणाल्या तर इथले सगळे वाटेकरी जातात तसे तेही एक जूनला तीनशे गायी, भांडीकुंडी, कुत्रा आणि आनेके घेऊन निघणार. जाणार कुठे, तर कॉरच्या भावाकडे साउथलंडला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

फेब्रुवारी यायलाच नको.

काम तसं सोपं होतं. दूध ओढणाऱ्या पंपाची मोटर पहाटे पाचला सुरू झाली की आठपर्यंत एकाच दमात बोंबलायची. बाईंचं घर साठ पावलांवर. त्यांचं वय शहात्तर, झोप सशाची. मोटरला लगाम घालायला आम्ही ड्राइव्ह बसवला. ही भिंतीवरची पेटी मोटरला लागेल तेवढंच पळवते. संध्याकाळच्या दुधाला मोटर मांजरासारखी गुरगुरत होती. बाईंनी माझ्या गालाला हात लावला. आनेकेनं बघितलं. काकांनीही बघितलं, पण त्यांना काय कळतंय.

सोमवार, १६ जानेवारी

बाईंचा फोन. बोंब गेली, शिट्टी आली!

"रेवी, कोणीतरी माझ्या उशीत किटली ठेवलीय आणि ती उतरवायला कोणी येत नाहीये."

गेलो. खरंच होतं. मोटरमधून बारीक, सरळ, न थांबणारी शिट्टी येत होती. काका म्हणाले, "आता सांग इंजिनियरसाहेब, शिट्टी कोण वाजवतंय?"

हे मला माहीत होतं. पेटी वीज सरळ सोडत नाही, सेकंदाला तीन हजार वेळा तोडते आणि जोडते. प्रत्येक तोडीला मोटरच्या लोखंडाला बारीकशी टिचकी बसते. तीन हजार टिचक्यांची ती शिट्टी. काकांना सांगितलं तर म्हणाले, "छान. आता तिला गप्प कर."

बुधवार, १८ जानेवारी

केली गप्प!

युक्ती साधी आहे. तोड आणखी जलद केली की शिट्टी आणखी बारीक होते, इतकी की कानाच्या पकडीतून निसटते. मी आकडा तीन हजारांवरून सोळा हजारांवर नेला. पेटी थोडी तापते, म्हणून वर पंखा लावला. शिट्टी साफ नाहीशी. मी नाही ऐकली, काकांनी नाही ऐकली, कॉरनं नाही ऐकली. बाई दारात डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डग्लस गेल्यापासून इतकं शांत कधी नव्हतं." डग्लस म्हणजे त्यांचा वारलेला नवरा. त्यांनी मला आल्याचा केक बांधून दिला.

काकासुद्धा गाडीत म्हणाले, "पाऊण इंजिनियर."

आनेके तेवढी बोलली नाही. खड्ड्यात उभी होती. इथे दूध काढणारा खड्ड्यात उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना वर तीस-तीस गायी तिरक्या उभ्या असतात. मी वरून विचारलं, "कसं वाटतंय?" तिनं कपाळ चोळलं. म्हणाली, "काय रे, काहीतरी टोचतंय." मी म्हटलं, शांतता टोचते कधी कधी. वाक्य चांगलं होतं. तिला आवडलं नाही बहुतेक.

घरी आई परत टीव्हीवरून ओरडली. म्हणे आवाज कमी कर, भिंती हलतायत. सहा वर्षं ड्रम बडवले तेव्हा भिंती हलल्या नाहीत, आता हलतायत.

बुधवार, २५ जानेवारी

दोनदा शेडवर गेलो, एकदा पंखा बघायला, एकदा पंखा बघायला असं सांगून. दोन्ही वेळा आनेके पंपाच्या खोलीपासून सर्वांत लांबच्या टोकाला होती. पूर्वी ती खोलीच्या दारापाशीच उभी राहायची. मी गेलो की लगेच, "बाबा, इकडचं तुम्ही बघा, मी तिकडे जाते." कुत्रासुद्धा आता अंगणातच बसतो, आत येत नाही. त्यालाही माझ्याविरुद्ध फितवलं वाटतं.

मी काय केलंय? फक्त परवा विचारलं होतं, शनिवारी मासे आणि चिप्स खायला समुद्रावर येतेस का. 'बघू' म्हणाली. 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं, मी काही लहान नाही.

मंगळवार, ३१ जानेवारी

आज कॉरशी वाजलं.

तो म्हणतो दूध कमी होतंय. गायी शेडमध्ये यायला तयार नाहीत, आल्या की उभ्याउभ्या शेण टाकतात, पाय झाडतात, सडांना लावलेले दूध ओढायचे कप उडवतात. "पंधरा दिवसांत झालंय हे. पंधरा दिवसांत नवीन काय आलं इथे? तुझी पेटी."

"नवीन बरंच काही आलंय. कोरडा उन्हाळा आलाय. गवत बघा, माझ्या दाढीइतकंच उरलंय."

"तुझी दाढी कुठे आहे?"

"तेच म्हणतोय."

तो हसला नाही. म्हणाला, "नळ्यांमधून वीज झिरपत असेल. गायीच्या तोंडाला, सडाला झटके बसत असतील." हे मात्र रास्त होतं, असं होतं कधी कधी. मी मीटर घेऊन खड्ड्याची लोखंडी कड, पाण्याची नळी, फरशी, सगळं तपासलं. शून्य, सगळीकडे शून्य. आकडे कागदावर लिहून कॉरच्या नाकासमोर धरले. त्यानं चष्मा लावून वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि कामाला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

आनेके आज कानात कापूस घालून होती. मी बोलायला लागलो तर कानाकडे बोट दाखवून मान हलवली. एवढं? माझा आवाजही नको?

शुक्रवार, १० फेब्रुवारी

बाईंनी केकवर बोलावलं. आज लिंबाचा. टेबलावर दूधकंपनीच्या टँकरच्या पावत्या पसरलेल्या. म्हणाल्या, "रेवी, तू मशीनचा माणूस आहेस. खरं सांग. कॉर म्हणतो पेटी. पेटीनं काही होतं का रे?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला काही आवाज येतो?"

"सुईचासुद्धा नाही."

"वीज झिरपते का ते मी मोजलंय. शून्य. मग पेटी काय करणार? भिंतीवरचं डबडं ते. गायी हात ओळखतात. हात बदलला, हातातला जीव गेला, की दूध चोरतात. हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला काय सांगू!"

बाईंनी पावत्या गोळा करून एकावर एक ठेवल्या. मग म्हणाल्या, "डग्लसही असंच म्हणायचा, हात ओळखतात." आणि मला आणखी एक तुकडा वाढला.

उत्तर झकास दिलं मी आज. कॉरला कळायला हवं की उगाच कुणाच्या कामावर बोट ठेवू नये.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

हवेराच्या रस्त्यावर लॅचलनची गाडी बघितली. शेजारच्या फार्मवरचा लॅचलन, दात जाहिरातीतले, अक्कल गुडघ्यात. शेजारी आनेके, डोकं खिडकीला टेकवून, डोळे मिटून. आणि आज तारीख कोणती, तर हीच!

काका म्हणाले, "दवाखान्यात जात असेल."

मी म्हटलं, "हो, हृदयाच्या."

काका इतके हसले की गाडी पांढऱ्या पट्ट्यावर गेली. मी उरलेले बारा किलोमीटर रेडिओ मोठा करून ठेवला.

रविवार, १९ फेब्रुवारी

घाईत लिहितोय, अक्षर वाचता येणार नाही. बरंच आहे.

दुपारच्या दुधाच्या वेळी गेलो, आनेकेशी सोक्षमोक्ष लावायला. ती नव्हती. कॉर म्हणाला, "डोकं दुखतं तिचं, समुद्रावर पाठवली, लॅचलननं नेलंय." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, या माणसाला आणि त्याच्या पोरीला एकदाचं दाखवून द्यावं की पेटीचा काही दोष नाही. पेटीवर आकडा खाली आणायचा, शिट्टी वाजवायची, आणि म्हणायचं, बघा, शिट्टी असो नसो, तुमच्या गायी तशाच.

पंपाच्या खोलीच्या दारातून एका बाजूच्या तीसही गायी दिसतात. सोळा हजारांवर उभ्या होत्या तेव्हा एकेकीचे कान मागे दाबलेले, आणि सगळ्यांचे एकाच दिशेला, माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे मोटरकडे. मी आकडा तीन हजारांवर आणला. शिट्टी सुरू झाली. आणि कान सैल पडले. एक, मग तीन, मग सगळे. दाराजवळच्या तपकिरी गायीनं रवंथ सुरू केलं.

योगायोग, म्हटलं. परत सोळा. कान मागे. तपकिरी गाय रवंथ करता करता थांबली, तोंडात घास तसाच. तीन. सैल. सोळा. मागे.

सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच.

"काय खेळ लावलायस?" कॉर खड्ड्यातून ओरडला.

"टेस्ट करतोय!"

मी शिट्टी गप्प नव्हती केली, फक्त माझ्या कानाच्या वर नेऊन ठेवली होती. आम्ही सगळे म्हातारे कान, आणि माझे ड्रमनं फोडलेले. आमच्यापेक्षा बारीक ऐकणारं कुणी असेल हे डोक्यातच आलं नाही. आणि आनेके. कपाळ चोळणारी, लांब पळणारी, कानात कापूस घालणारी आनेके. एकवीस वर्षांचे तिचे धड कान. महिनाभर तिला मी सुया टोचल्या आणि वर तिच्यावरच रुसलो.

सोळावरच ठेवून आलो. तीनवर ठेवलं असतं तर पहाटे बाईंचा फोन आला असता, आणि मग सांगावं लागलं असतं.

सोमवार, २० फेब्रुवारी

आज सांगणार होतो. सकाळी गाडीत काकांना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "हॅरोप बाईंनी त्यांच्या बहिणीकडेही तशीच पेटी बसवायला सांगितलीय. तुझं नाव घेऊन." आणि रेडिओवरच्या गाण्याबरोबर शीळ घालायला लागले.

तोंड मिटलं.

एक मार्ग आहे. या पेटीत आणखी एक सोय आहे. तोडण्याचा वेग एकसारखा न ठेवता सारखा इकडेतिकडे करायचा. मग शिट्टीची फसफस होते, तव्यावर बेकन तळल्यासारखी. गायींना बोचणार नाही आणि बाईंची झोपही मोडणार नाही, बहुधा. गुपचूप करून टाकतो. गायी शांत होतील, दूध चढेल, बाई खूश, करार पुढे. कुणाला कळायची गरजच काय? महिनाअखेरीला अजून आठ दिवस आहेत.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

दिवसभर हवेराच्या शाळेत दिव्यांचं काम. जाता आलं नाही.

जाता आलं असतं. जेवणाच्या सुट्टीत गाडी मोकळी होती. मी मीट पाय, ही इथली खिम्याची कचोरी, खात बसलो.

बुधवार, २२ फेब्रुवारी

पहाटेच्या दुधाआधी जाऊन केलं. फसफस. आनेके आली, दारापाशीच थबकली. मग आत आली, सरळ माझ्या शेजारी, पंपाच्या दारात. महिन्यानं. कुत्राही तिच्या मागोमाग.

"काय केलंस?"

"पंखा बदलला."

तिनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "रेवी, मी गेल्या आठवड्यात कान तपासून आले. लॅचलननं नेलं, मला गाडी चालवायला भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत. मग मला वाटलं डोक्यातच काहीतरी झालंय. बाबांना नाही सांगितलं, त्यांचंच त्यांना पुरे झालंय. रात्र रात्र ते स्वतःचे हात बघत बसतात."

मी पंख्याचे स्क्रू आवळत राहिलो. आवळलेलेच होते.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

काका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाले, "ऐकलंस का? हॅरोप बाईंनी कॉरला नाही सांगितलं. स्ट्रॅटफर्डच्या कुणा जोडप्याला दिलं शेड. मंगळवारीच."

मी चप्पल न घालता गाडीत बसलो.

बाई बागेत होत्या. मी सगळं बोललो, एका दमात. पेटी, सोळा हजार, गायींचे कान, आनेकेचे कान. त्या कात्री हातात धरून ऐकत राहिल्या. मग पायरीवर बसल्या.

"म्हणजे कॉरच्या हाताचा दोष नव्हता."

"नाही."

"तू म्हणाला होतास, हात ओळखतात."

"हो."

"मी त्याला तेच म्हणाले, रेवी. मंगळवारी. याच पायरीवर. म्हणाले, तुझ्या हातातला जीव गेलाय. त्यानं टोपी घातली आणि गेला."

मी म्हटलं, "परत बोलवा. मी सांगतो त्यांना. काकांना सांगतो. दूधकंपनीला सांगतो."

"त्या स्ट्रॅटफर्डच्या पोरांनी त्याच दिवशी चार वाजता माझ्या टेबलावर सह्या केल्या. त्यांनी त्यांचं शेड सोडलंय. त्या पोरीला सहावा महिना आहे. आता त्यांना काय सांगू?" मग कात्री बाजूला ठेवून विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"आत्ताच," मी म्हटलं. "आज सकाळी."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. म्हणाल्या, "लगेच आलास. हे तुझ्या आईनं चांगलं शिकवलं."

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

काकांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते म्हणाले, "मलाही नव्हतं सुचलं. पेटीवर नाव माझ्या धंद्याचं आहे," आणि स्वच्छ शर्ट घालून माझ्याबरोबर कॉरकडे आले.

स्वयंपाकघरात सगळे. कॉरनं शेवटपर्यंत ऐकलं. मग स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवून बघितले, उलटे, सुलटे. बायकोला म्हणाला, "ट्रूडी, हात ठीक आहेत." ती रडायला लागली. आणि त्यानं उठून माझा हात हातात घेतला. माझा! म्हणाला, "बाईंकडे अनवाणी पळालास म्हणे. गेलं ते गेलं. पण आता मला झोप लागेल."

आनेके दारापर्यंत आली. "तुझ्यामुळेच झालं, आणि तुझ्यामुळेच कळलं," म्हणाली. "रागवावं की काय करावं तेच कळत नाहीये." मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, क्षणभर.

एवढी एक गोष्ट मी वर्षभर मागत होतो.

शुक्रवार, १७ मार्च

दूध चढतंय. कोरड्या उन्हाळ्यात, इकडे सगळ्यांचं उतरत असताना. कॉर पावत्या फ्रीजवर लावतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी गोष्ट सांगतो, 'कळल्या मिनिटाला धावला पोरगा'. टँकरवाल्यानं काल मला मीट पाय दिला, फुकट. अर्धा खाल्ला आणि फेकला. आनेके आता रोज बोलते. समुद्रावर गेलो दोनदा. मी नीट बोलूच शकत नाही. ती म्हणाली, "पूर्वी तू सारखा भांडायचास, तेव्हा बरा होतास."

गुरुवार, १ जून

वही गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहितोय. थंडी मरणाची. रस्त्यावर सकाळपासून ट्रक, ट्रेलर, गाद्या, पिंजऱ्यातल्या कोंबड्या. अख्खा जिल्हाच आज घर बदलतोय. कॉरच्या गायी चढवून होत आल्यात. मी पहाटेपासून गेट धरायला उभा आहे.

मघाशी आनेके शेजारी येऊन उभी राहिली. तिची बॅग भरून झालेली. म्हणाली, "बाबा साउथलंडमध्येही तुझीच गोष्ट सांगत बसणार. त्या गुरुवारची."

गाय अडली होती, तिला पुढे ढकललं. आणि म्हणालो, "गुरुवारी नाही कळलं मला."

"मग?"

"रविवारी."

गायी जात होत्या. तिचे ओठ हलले, रविवार, सोमवार, मंगळवार, आणि तिथेच थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. ट्रकच्या फळीवर खुरांचा आवाज तेवढा.

मग म्हणाली, "बाबांना मी नाही सांगणार."

मला वाटलं, ती मला झाकून घेतेय. जीव भांड्यात पडला.

"तू सांग," म्हणाली. "आम्ही निघायच्या आत." आणि कुत्र्याला हाक मारून आईच्या गाडीकडे गेली.

शेवटच्या ट्रकची फळी वर घेतायत. कॉर शेडच्या दारात उभा आहे, टोपी हातात, आत बघत. माणूस शेवटचं बघतो तसा. दहा मिनिटं आहेत, फार तर. मला वाक्य सुचत नाहीये. एक लिहिलं, खोडलं. दुसऱ्यात काकांचं नाव आलं, खोडलं. तिसरं फक्त 'मला कळलं होतं' एवढंच झालंय.

तेवढंच पुरे. जातो.